आज घेतलेला प्लॉट तीन महिन्यांत विकायचाय? बँक कुठे थांबवते, मधला पैसा कुठून येतो? समजून घ्या

लगेच फेरविक्रीच्या व्यवहारात नफा कागदावर दिसतो, पण फेरफार, कर्जमंजुरी आणि कर या तीन ठिकाणी वेळ जातो. त्या वेळेचे व्याज कोणीतरी भरतेच. वाशीम जिल्ह्यातील प्लॉट आणि शेतजमिनीच्या व्यवहारांसाठी नियम काय सांगतात, याची ही सोपी माहिती.

वाशीम : लेआउटमधला प्लॉट इसार देऊन धरायचा, दोन-तीन महिन्यांत वाढीव भावाने गिऱ्हाईक शोधायचे आणि मधला फरक कमवायचा. जमिनीच्या बाजारातला हा जुना प्रकार आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा जिल्हा झाल्यावर वाशीमला जिल्हा मुख्यालय आले, शहर वाढत गेले. पुढे समृद्धी महामार्ग मालेगाव, मंगरुळपीर आणि कारंजा तालुक्यांतून गेला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. अशा रस्त्यालगत ‘आज घे, उद्या विक’ म्हणणारे एजंट दिसले नाहीत तरच नवल.

अडचण गिऱ्हाईक मिळाल्यावर सुरू होते. शेवटचा खरेदीदार बहुतेक वेळा नोकरदार असतो, त्याला गृहकर्ज लागते. बँक फाइल उघडते आणि विचारते, ‘विकणाऱ्याच्या नावावर ही मालमत्ता केव्हा झाली?’ उत्तर ‘गेल्याच महिन्यात’ असे असेल तर फाइल मंदावते.

कायद्यात थांबण्याची मुदत आहे का?

अमेरिकेत हा नियम थेट लिहिलेला आहे. तिथल्या एफएचए या सरकारी हमीच्या गृहकर्जात, विक्रेत्याने घर घेतल्यापासून ९० दिवसांच्या आत ते पुन्हा विकायला काढले तर सर्वसाधारणपणे खरेदीदाराला कर्ज मिळत नाही. ९१ ते १८० दिवसांत विक्री झाली आणि किंमत दुपटीवर गेली असेल तर दुसरे मूल्यांकन लागते.

भारतात सर्व मालमत्तांना लागू होणारी अशी एकच मुदत नाही. रजिस्ट्री झाली की मालक दुसऱ्या दिवशीही विकू शकतो. मात्र काही मालमत्तांना अटी चिकटलेल्या असतात :

• म्हाडाच्या सोडतीतले घर पहिली ५ वर्षे विकता येत नाही.

• भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि लागू असेल तिथे नजराणा लागतो. परवानगीशिवाय झालेली विक्री शर्तभंग ठरते.

• महिलेच्या नावावर घर घेताना राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. २०२१ मध्ये ही सवलत आली तेव्हा ते घर १५ वर्षे पुरुषाला विकता येणार नाही, अशी अट होती. २०२३ मध्ये ती अट काढली.

• बँकेच्या प्लॉट कर्जावर घेतलेल्या प्लॉटला बांधकामाची अट असते. त्याबद्दल पुढे.

बाकी ठिकाणी ‘थांबा’ हा शब्द कायद्यात नाही. तो महसूल कार्यालयाच्या प्रक्रियेत आणि बँकेच्या धोरणात आहे.

बँक नेमकी कुठे थांबते?

*पहिले ठिकाण : फेरफार.* दुय्यम निबंधक कार्यालयात रजिस्ट्री झाली की माहिती ऑनलाइन तलाठ्याकडे जाते. संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारावर नवे नाव येते. हरकत आली की नोंद वादग्रस्त होते आणि सुनावणी लागते. शहरातल्या नगर भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी आखीव पत्रिका असते, तिथेही नाव बदलावे लागते. फेरफार म्हणजे मालकी नव्हे, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. तरीही विक्रेत्याचे नाव उताऱ्यावर नसताना बँकेचा पॅनेल वकील सहसा होकार देत नाही.

*दुसरे ठिकाण : मालकीची साखळी.* वकील शोध अहवालात अनेक वर्षांचे, बहुधा ३० वर्षांचे व्यवहार पाहतो. थोड्या दिवसांत दोन-तीन हात बदललेली मालमत्ता दिसली की प्रत्येक व्यवहाराचे मूळ दस्त, पैसे दिल्याचा पुरावा आणि आधीचा बोजा उतरल्याचा कागद मागितला जातो. एक दुवा कच्चा निघाला तर फाइल परत येते.

*तिसरे ठिकाण : मूल्यांकन.* तीन महिन्यांपूर्वीच्या रजिस्ट्रीत १२ लाख आणि आता १५ लाख, हा फरक बँकेच्या मूल्यांकनकर्त्याला लगेच दिसतो. समजा त्याने १२ लाख ५० हजार किंमत धरली आणि बँक ७५ टक्के कर्ज देते. खरेदीदाराने १५ लाखांवर ११ लाख २५ हजार मिळतील असा हिशेब केलेला असतो, हातात पडतात ९ लाख ३७ हजार ५००. जवळपास १ लाख ८७ हजारांची ही तूट तो भरू शकला नाही तर सौदा मोडतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार गृहकर्जाची कमाल मर्यादा ३० लाखांपर्यंत मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के आहे. ही कमाल मर्यादा आहे. मोकळ्या प्लॉटवर बँका सहसा त्याहून कमी देतात.

प्लॉट कर्ज घेऊन लगेच विकता येईल का?

मध्यस्थ गुंतवणूकदाराला वाटते, आपणच प्लॉट कर्ज काढू आणि गिऱ्हाईक आले की फेडून टाकू. इथे रिझर्व्ह बँकेची अट आडवी येते. प्लॉटसाठी गृहकर्ज देताना, बँकेने ठरवलेल्या मुदतीत त्यावर घर बांधणार असल्याचे घोषणापत्र कर्जदाराकडून घ्यावे लागते. विकण्यासाठीच घेतलेल्या प्लॉटसाठी असे घोषणापत्र देणे म्हणजे बँकेला खोटे लिहून देणे. मुदतीत बांधकाम झाले नाही तर काही बँका व्याजदर वाढवतात किंवा कर्ज परत मागतात.

नुकतीच घेतलेली मालमत्ता तारण ठेवून कर्ज काढायचे म्हटले तर पुन्हा फेरफार हवा. किती महिन्यांची मालकी हवी, हे प्रत्येक बँक स्वतः ठरवते. त्यामुळे इसार देण्यापूर्वीच शाखेत हा प्रश्न विचारलेला बरा.

रजिस्ट्री न करता इसारावरच पुढे विकले तर?

मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी हा मार्ग निवडला जातो. मूळ मालक ‘अ’, इसार देणारा ‘ब’ आणि शेवटचा खरेदीदार ‘क’. ‘ब’ ने फक्त इसारचिठ्ठी केली आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार विक्रीच्या कराराने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. म्हणजे ‘ब’ मालक नाही आणि तो एकटा ‘क’ ला काहीही विकू शकत नाही.

कुलमुखत्यारपत्रावर विक्री हाही उपाय नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले, की विक्री करार, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जोडीने मालकी जात नाही. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते.

कायदेशीर रचना अशी करता येते : ‘अ’ थेट ‘क’ ला खरेदीखत करून देतो आणि ‘ब’ त्या दस्तात संमती देणार म्हणून सही करतो. ‘ब’ ला किती रक्कम मिळाली, हे दस्तात लिहिले जाते. शुल्क एकदाच लागते आणि बँकेला मालकाकडून थेट आलेली साखळी दिसते. मात्र यासाठी दोन गोष्टी हव्यात. इसारचिठ्ठीत ‘ब’ ला दुसऱ्याच्या नावे खरेदीखत करून घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला असावा. आणि ‘अ’ ने रजिस्ट्रीच्या दिवशी यायला हवे. भाव वाढलेला पाहून मालक फिरला तर ‘ब’ ला करारपूर्तीचा दावा करावा लागतो. त्यासाठी ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षांची मुदत आहे, आणि ‘क’ तेवढा थांबत नाही.

बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्यांसाठी राज्यात वेगळी सोय आहे. गुंतवणूकदार म्हणून घेतलेला फ्लॅट ठरावीक मुदतीत पुढे विकला तर आधी भरलेले मुद्रांक शुल्क पुढच्या व्यवहारात वळते करता येते. ही मुदत आधी १ वर्ष होती, २०२२ मध्ये ती ३ वर्षे केली. पहिल्या करारात तसा उल्लेख असावा लागतो. मोकळ्या प्लॉटसाठी ही सोय गृहीत धरू नये.

मग मधला पैसा कुठून आणायचा?

१. *स्वतःची बचत.* सगळ्यात स्वस्त. व्यवहार सहा महिने लांबला तरी झोप उडत नाही.

२. *सोने किंवा मुदत ठेवीवर कर्ज.* बँकेत तारण ठेवून लवकर मिळते, व्याज दिवसांवर मोजले जाते. पण सौदा फसला तर घरातले सोने अडकते.

३. *ब्रिज लोन.* जुने घर विकण्याआधी नवे घेणाऱ्यांना काही वित्तसंस्था थोड्या मुदतीचे कर्ज देतात. नफ्यासाठी प्लॉट फिरवणाऱ्यांसाठी ते नाही.

४. *पतसंस्था किंवा नागरी बँक.* निर्णय स्थानिक पातळीवर लवकर होतो, व्याज जास्त असते. जामीनदार लागतो आणि हप्ता थकला तर त्याच्यावरही वसुली येते.

५. *परवानाधारक सावकार.* २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाखाली परवाना असलेल्याकडूनच पैसे घ्यावेत. शासनाने ठरवलेला कमाल दर शेतकऱ्याला तारणी कर्जासाठी वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, तर बिगरशेतकऱ्याला अनुक्रमे १५ आणि १८ टक्के आहे.

६. *बिनपरवाना सावकार.* ‘शेकडा पाच महिना’ म्हणजे वर्षाला ६० टक्के. बिनपरवाना सावकारी हा गुन्हा असून ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

आकड्यांत पाहू

समजा १२ लाखांचा प्लॉट घेऊन १५ लाखांना विकायचा आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून ७ टक्के धरले तर ८४ हजार. विक्रीवर २ टक्के दलाली म्हणजे ३० हजार. खरेदीसाठी ८ लाख उसने घेतले आणि व्यवहार ६ महिन्यांत पूर्ण झाला.

• वर्षाला १८ टक्के दराने व्याज ७२ हजार. ३ लाखांच्या फरकातून सगळा खर्च वजा जाता उरतात १ लाख १४ हजार. त्यातून कर जायचा आहे.

• महिन्याला ५ टक्के दराने व्याज २ लाख ४० हजार. हाती नफा नाही, उलट ५४ हजारांचा तोटा.

दुसऱ्या हिशेबात प्रत्येक महिना ४० हजारांचा आहे. फेरफारावर एक हरकत आली, खरेदीदाराची कर्जमंजुरी एक महिना लांबली, की नफा तेवढा उतरतो. तीन महिन्यांचा अंदाज धरून उतरलेला माणूस सहाव्या महिन्यात कोणत्याही भावाला विकायला तयार होतो, तो यामुळेच.

विक्रेत्याचेच कर्ज चालू असेल तर?

अशा व्यवहारात खरेदीदाराची बँक विक्रेत्याच्या बँकेकडून थकबाकीचे पत्र आणि ठेवलेल्या कागदपत्रांची यादी मागते आणि रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरते. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क लागत नाही. पूर्ण फेड झाल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत देणे आणि बोजा उतरवणे बँकांना बंधनकारक आहे. उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. तरी हे ३० दिवस हिशेबात धरायला हवेत.

कर किती?

मालमत्ता २४ महिन्यांच्या आत विकली तर नफा अल्पकालीन धरला जातो आणि उत्पन्नात मिळवून नेहमीच्या टप्प्यांनुसार कर लागतो. २४ महिन्यांनंतर विकल्यास दीर्घकालीन नफ्यावर सध्या १२.५ टक्के दर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-घरासाठी महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्याय व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला ठेवला आहे. वारंवार खरेदी-विक्री करणाऱ्याचा नफा व्यवसायाचे उत्पन्न ठरू शकतो.

ग्रामीण शेतजमिनीवर भांडवली नफ्याचा कर नाही. पण ‘ग्रामीण’ची व्याख्या अंतरावर आहे. १० हजारांहून अधिक आणि १ लाखापर्यंत लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून २ किलोमीटरच्या आतली जमीन ग्रामीण धरली जात नाही. २०११ च्या जनगणनेत वाशीम शहर याच गटात होते.

इसाराचे २० हजार किंवा त्याहून अधिक रोखीने घेता येत नाहीत. घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. बँकेलाही रोख इसाराचा पुरावा पटत नाही.

शेतजमीन असेल तर

विदर्भासाठी कुळवहिवाटीचा स्वतंत्र कायदा १९५८ पासून आहे. परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. तुकडेबंदी कायद्यात २०२३ पासून जिरायत जमिनीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे प्रमाणभूत क्षेत्र आहे. रस्त्यालगत शेत कापून ‘दोन गुंठ्यांचा प्लॉट, कागद नंतर होतील’ असे सांगितले जात असेल तर त्यावर गृहकर्जाची आशा धरू नये. निवासी क्षेत्रातले जुने तुकडे नियमित करण्याचा मार्ग २०२५ मध्ये राज्याने मोकळा केला, पण तो नव्याने शेत कापण्याचा परवाना नाही.

आणखी एक धोका विदर्भात जुनाच आहे. सावकाराने कर्जापोटी शेतकऱ्याकडून खरेदीखत लिहून घ्यायचे आणि मग ती जमीन तिसऱ्याला विकायची. २०१४ च्या कायद्यात, सावकारीच्या ओघात १५ वर्षांच्या आत अशी घेतलेली जमीन चौकशीअंती परत करण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतात. त्यामुळे पडत्या भावात, अलीकडेच हात बदललेले शेत घेताना मूळ शेतकऱ्याला भेटून, जमिनीचा ताबा कोणाकडे आहे हे पाहून घ्यावे. कागद साफ असूनही पुढे जमीन जाण्याची वेळ शेवटच्या खरेदीदारावर येऊ शकते.

इसार देण्यापूर्वी हे तपासा

• डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा किंवा आखीव पत्रिका, वर्ग १ की २, ‘इतर हक्क’ रकान्यात बँक किंवा सोसायटीचा बोजा आहे का.

• ‘आपली चावडी’ संकेतस्थळावर त्या गावातले प्रलंबित फेरफार.

• नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये आधीचे दस्त आणि तारण ठेवल्याची नोटीस.

• लेआउटची अकृषक परवानगी आणि मंजूर नकाशा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर विकले जाणारे नवे लेआउट असेल तर महारेरा नोंदणी.

• इसारचिठ्ठीत शेवटची तारीख, कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत मिळण्याची अट आणि फेरफारास उशीर झाल्यास मुदतवाढ.

• विकणाऱ्याने आपल्या खरेदीखताची मूळ प्रत, शुल्काची पावती आणि बँकेतून दिलेल्या पैशांचा तपशील एकत्र ठेवावा. बँकेला पहिल्याच दिवशी पूर्ण संच मिळाला तर निम्मा वेळ वाचतो.

शेवटचा खरेदीदार आपले घर बांधण्यासाठी आयुष्याची बचत घालत असतो. मधल्या माणसाचा नफा कमी-जास्त होईल, पण कच्च्या साखळीचा प्लॉट ज्याच्या नावावर शेवटी राहतो, त्याला तो ना विकता येतो, ना त्यावर कर्ज मिळते. म्हणून विक्रेत्याचा फेरफार प्रमाणित होईपर्यंत, इसारापलीकडे मोठी रक्कम देऊ नये.